बूच बाहेर

सुरतेत बाटला म्हणजे गॅसचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत या शब्दाला दुसरा अर्थ आला. प्लेगच्या साथीनंतर शहर धुऊन निघालं होतं, पण नळाच्या पाण्यावरचा लोकांचा विश्वास परतला नव्हता. कापडाच्या दुकानांत, हिऱ्याच्या कारखान्यांत, डॉक्टरांच्या दवाखान्यांत वीस लिटरचे फिकट निळे प्लॅस्टिकचे बाटले दिसू लागले. भरलेला बाटला वीस किलोंहून जड. त्याला धरायला कान नव्हता, मूठ नव्हती. फक्त आखूड गळा होता आणि गळ्यावर झाकण.

भेस्तानमध्ये एका बंद पडलेल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये असे बाटले भरायचा प्लान्ट निघाला. मागे बोअर, मधे पाणी गाळायच्या टाक्या, पुढे बाटले धुवायची आणि वाळवायची जागा. वाळवण्यासाठी हवेचा एक मोठा ब्लोअर होता. तो चालू असला की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. धुणं, भरणं, झाकण लावणं आणि भिंतीशी नेऊन ठेवणं ही कामं सात-आठ बायका करत. बहुतेक खानदेशातल्या. नवरे लूमवर, बायका पाण्यावर.

बाटले ठेवायचे कुठे, हा तिथला पहिला प्रश्न होता. सुरुवातीला ते जमिनीवर उभे मांडत, वर प्लायवूडचा तुकडा टाकत आणि त्यावर दुसरा थर. तिसरा थर टाकला की खालच्यांच्या गळ्यांना चिरा जात. शेठ सौराष्ट्रातला होता, हिऱ्यातून पाण्यात आलेला. जागा कमी पडते म्हणून तो माझ्या मोठ्या भावाकडे आला.

भावाला आम्ही नाना म्हणायचो. तो लूमवर मास्तर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. धुळे जिल्ह्यातून तो सुरतेत आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. मी त्याच्या मागून दहा वर्षांनी आलो, आणि शिकलेला असल्यामुळे लूमवर न जाता इथल्या खानदेशी वाचकांसाठी निघणाऱ्या चार पानी मराठी दैनिकात उपसंपादक झालो. नाना, वहिनी आणि मी उधन्याच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचो. घरात बोलणं अहिराणीत चालायचं. इथे मी ते बरंचसं प्रमाण मराठीत लिहीत आहे.

त्या वर्षी नानाचा डावा कान पूर्ण गेला होता. उजवा अर्धा उरला होता. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरने त्याला तपासलं आणि सांगितलं, “लूम सोडा. नाही सोडलं तर हाही जाईल.” लूमशिवाय नानाला येणारं दुसरं काम वेल्डिंग. लूमचे सांगाडे जोडून जोडून तो ते शिकला होता. भेस्तानमध्येच एका ओळखीच्याच्या शेडचा अर्धा भाग मिळवून त्याने वेल्डिंगचं मशीन बसवलं. खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीचे स्टँड अशी किरकोळ कामं येत. त्यावर घर चालत नव्हतं, म्हणून अर्धा दिवस तो अजून लूमवर जात होता. प्लान्टसाठी बाटल्यांच्या रॅक करायचं काम नीट झालं तर तसेच आणखी दोन प्लान्ट रांगेत होते. लूम सुटणार की नाही, उजवा कान राहणार की नाही, हे त्या रॅकवर होतं. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. वहिनी मात्र त्याच्या उजव्या बाजूला बसूनच बोलायची.

त्याने आधी एक भरलेला बाटला घरी आणला आणि दोन दिवस तो नुसता फिरवून पाहिला. उभा, आडवा, कलता. मापाला टेप नव्हती असं नाही, पण त्याने लूमचं सूत घेतलं, बाटल्याभोवती गुंडाळलं, गाठ मारली आणि ते सूत पट्टीवर ताणलं. बुडाशी एक गाठ, मधे एक, खांद्याशी एक. वहिनी म्हणाली, “माझ्या लग्नाच्या चोळीचंही माप कोणी इतकं नव्हतं घेतलं.”

“चोळी पडून कोणाचा पाय मोडत नाही,” नाना म्हणाला.

कल्पना त्याला लूममधूनच मिळाली. सुताने भरलेले बीम, म्हणजे जाड लोखंडी रूळ, कारखान्यात एकावर एक ठेवायचे असतात तेव्हा ते जमिनीवर ठेवत नाहीत. अर्धगोल खाचांच्या स्टँडवर आडवे टाकतात. बाटलाही आडवाच ठेवायचा, असं त्याने ठरवलं. एका चौकटीत तीन बाटले. प्रत्येकाला खाली दोन वाकवलेल्या पट्ट्या, एक पुढे, एक मागे. मागची पट्टी पुढच्या पट्टीपेक्षा बोटभर खाली, म्हणजे बाटला आपोआप भिंतीकडे कललेला राहील. भिंतीच्या बाजूला एक आडवी सळई, बूड टेकायला. चौकटीच्या चारही पायांच्या डोक्यावर खुंट्या आणि तळाला भोकं, म्हणजे एक चौकट दुसरीवर बसेल आणि नको तेव्हा सुटी करून नेता येईल. अशा पाच चौकटी एकावर एक. उंची माणसाएवढी, खोली हातभर.

उंची जास्त आणि खोली कमी, हा त्यातला धोका होता आणि तो त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होता. त्याला रॅक भिंतीत ठोकायच्या होत्या. शेठ नाही म्हणाला. “मास्तर, भींतमां काणुं नथी पाडवानुं,” भिंतीला भोक पाडायचं नाही. शेड भाड्याची होती.

मग सगळं वजन मागे राहील एवढाच उपाय उरला. बाटल्याचं वजन बुडाकडे असतं, गळ्याकडे कमी. बूड भिंतीकडे आणि झाकण बाहेर, असा बाटला ठेवला तर रॅक भिंतीला रेलून उभी राहते. नानाने पहिली रॅक आपल्या शेडमध्येच उभी केली, प्लान्टवरून पंधरा भरलेले बाटले मागवले आणि तपासणी सुरू केली. मी त्या दिवशी सुट्टीवर होतो, म्हणून सगळं पाहिलं. पंधराही भरलेले ठेवून वरच्या चौकटीला दोरी बांधून ओढलं. हलली नाही. खालचे नऊ काढून फक्त वरचे सहा ठेवले, पुन्हा ओढलं. किंचित हलली, परत बसली. ओळंबा सोडून त्याने झुकाव पाहिला, खडूने भिंतीवर खूण केली.

मग त्याने वरचे सहा बाटले उलटे घातले. झाकण भिंतीकडे, बूड बाहेर. गळा मागच्या सळईला टेकला आणि बाटल्याचं बूड चार बोटं पुढे आलं. त्याने दोरीला हात लावला मात्र, रॅक पुढे झुकली. आम्ही दोघांनी ती खांद्यावर झेलली.

बाटले उतरवून झाल्यावर तो खाली बसला आणि म्हणाला, “कडी लावावी लागेल.”

कडी म्हणजे प्रत्येक बाटल्यापुढे बिजागरीवरची एक लोखंडी कडी. झाकण बाहेर असेल तर ती गळ्यावर पडते आणि बसते. बूड बाहेर असेल तर बसूच शकत नाही, लोंबकळत राहते, दुरूनही दिसतं. विचार चांगला होता. पण एका रॅकला पंधरा कड्या, पंधरा बिजागऱ्या, आणि रॅक सात करायच्या होत्या. उन्हाळा तोंडावर आला होता, शेठचा माणूस दिवसाआड येऊन उभा राहत होता, आणि नाना अजून अर्धा दिवस लूमवर जात होता.

मी म्हणालो, “एवढ्या कड्यांपेक्षा एक पाटी लाव. झाकण कुठल्या बाजूला ते लिहून टाकू.”

“वाचतील?”

“एकाने वाचलं तरी सगळ्यांना कळतं.”

तो म्हणाला, “लिहिलेलं असलं म्हणजे बरं. बोललेलं उडून जातं.” तो स्वतः चौथीपर्यंत शिकलेला होता आणि छापील अक्षरावर त्याचा विश्वास होता. माझ्या नोकरीमुळे तो वाढला होता.

पाटीवर काय लिहायचं ते त्यानेच सांगितलं. कागदावर मी ते त्याच्या शब्दांत उतरवून घेतलं: ‘ढक्कन बाहेर, बूड भिंतीकडे.’

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात जाण्यापूर्वी रंगाऱ्याकडे द्यायचा मजकूर मी स्वच्छ लिहून काढला. त्या वेळी दोन बदल केले. ‘ढक्कन’ हा शब्द आमच्या दैनिकात चालत नसे. तो हिंदी. झाकण लिहायचं किंवा बूच लिहायचं. बूच मराठीत आहे आणि गुजरातीतही तोच शब्द आहे, म्हणजे शेठच्या सुपरवायझरलाही कळेल, असा मी विचार केला. दुसरा बदल असा की, बूच बाहेर असेल तर बूड भिंतीकडे असणारच; पुढचे दोन शब्द द्विरुक्ती आहेत. ते मी काढले. रोज संध्याकाळपर्यंत मी हेच करत असे. चार शब्दांचं काम दोन शब्दांत होत असेल तर दोन ठेवायचे.

पाटी तयार झाली. पांढऱ्या पत्र्यावर लाल ऑइलपेंट, वीतभर उंच अक्षरं: ‘बूच बाहेर’.

नानाने ती हातात घेऊन वाचली. “बाकीचं?”

“त्यातच आलं.”

“लूमवर आम्ही दोनदा सांगतो,” तो म्हणाला. “एकदा असं, एकदा तसं. आवाजात शब्दाचं शेवटचं अक्षर पोचत नाही. एक हुकलं तर दुसरं लागतं.”

“हे बोलायचं नाही. वाचायचं आहे,” मी म्हणालो.

त्याने पाटी कापडात गुंडाळली.

सात रॅक टेम्पोतून प्लान्टवर नेल्या तेव्हा मी बरोबर होतो. बायका काम थांबवून बघायला आल्या. त्यांची पुढारीण पन्नाशीची, ठेंगणी, कमरेला पदर घट्ट खोचलेली बाई होती. सगळ्या तिला मावशी म्हणायच्या, शेठसुद्धा. नंदुरबारकडची. नवरा लूमवर, मुलगी लग्नाची. नानाच्या जुन्या कारखान्यात ती पूर्वी सुताच्या कांड्या भरायची, त्यामुळे ओळख होती. वाकवलेल्या पट्ट्या बघून ती म्हणाली, “हाऊ काय पाळणा शे का मास्तर? बाटलाले जोजवानं का आते?”

“जोजव,” नाना म्हणाला. “गाणं मात्र तू म्हन.”

“गाणं म्हनसू. पन तुले ऐकू येयी का?”

बायका हसल्या. नानाही हसला. त्याच्या कानावरून चेष्टा करायची मुभा फार थोड्यांना होती. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. “हाऊ तुना भाऊ ना, पेपरमधला? मंग सांग त्याले, आमना बी फोटो छाप. आखो दिन पानीमा हात, बोटं देख, कितली पांढरी.” तिने दोन्ही हात पुढे करून दाखवले. बोटांची कातडी खरंच भिजलेल्या कागदासारखी झाली होती.

रॅक भिंतीशी लागल्या. नाना स्वतः एक-एक बाटला ठेवून दाखवणार होता. पण तेवढ्यात लूमवरून माणूस आला. चार माग एकदम बंद पडले होते आणि मास्तरला बोलावलं होतं. नानाने पाटी खिळ्याला अडकवली आणि सुपरवायझरला बजावलं की हे सगळ्यांना सांगायचं. सुपरवायझर तरुण होता, गुजराती, हिंदीमुळे देवनागरी वाचणारा. त्याने मान हलवली. “कही दईश मास्तर, जाओ तमे.” सांगतो, तुम्ही जा. मलाही ऑफिसला जायचं होतं. आम्ही दोघे एकाच सायकलवरून निघालो.

पुढे काय झालं ते नंतर जुळवून मिळालं. सुपरवायझरने आपलं काम केलं. पाटी मोठ्याने वाचली आणि मावशीला गुजरातीत सांगितलं, “बूच बहार राखजो.” ब्लोअर चालू होता. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने ऐकलं ते ‘बूड बाहेर’. तिला शंका आली नाही, कारण तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. घरी घासलेली भांडी मांडणीवर अशीच लावतात. तोंड भिंतीकडे, बूड बाहेर. तोंड उघड्यावर ठेवलं तर धूळ बसते, पाल फिरते. पाण्याच्या भांड्याचं तर मुळीच ठेवत नाहीत. बूच हा शब्द तिथे कुणीच वापरत नव्हतं. बायका, सुपरवायझर, टेम्पोवाले, सगळे ढक्कनच म्हणत.

तिने बायकांना सांगितलं, बायकांनी तसं लावलं. सात रॅकमध्ये निळ्या बुडांच्या रांगा लागल्या. शेठला त्या दिसायलाही चांगल्या वाटल्या म्हणे.

अडीच आठवडे काही झालं नाही. खालच्या चौकटी भरलेल्या असेपर्यंत रॅक उभी राहत होती. नाना त्या काळात प्लान्टवर गेला नाही. दुसऱ्या प्लान्टच्या शेठने मापं मागितली होती आणि तो त्या कामात होता. त्याने लूमवर नोटीस दिली होती. महिनाअखेर सुटायचं ठरलं होतं.

मग एका दुपारी मोठी मागणी आली. टेम्पोवाल्यांनी हाताशी येतील ते, म्हणजे खालच्या तीन चौकटींतले बाटले ओढून काढले. वरच्या दोन भरलेल्या राहिल्या. शेवटचा एक बाटला खाली कोपऱ्यात अडकला होता. मावशी वाकली, दोन्ही हातांनी त्याचं बूड धरलं आणि हिसका दिला.

सहा भरलेले बाटले आणि पाच लोखंडी चौकटी तिच्या अंगावर आल्या. डोकं फरशीवर आपटलं. दोन बाटले फुटले. तिथे हजर असलेल्या बाईने मला नंतर सांगितलं की आधी सगळ्यांना वाटलं फक्त पाणी सांडलं आहे.

टेम्पोतूनच तिला सरकारी इस्पितळात नेलं. ती शुद्धीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

बातमी आमच्याकडे त्याच दुपारी आली. भेस्तान भागाचा वार्ताहर फोनवरून सांगत होता आणि टेबलावर ती माझ्याकडेच उतरवून घ्यायला आली. ‘निकृष्ट बांधणीची रॅक कोसळून महिला कामगाराचा मृत्यू.’ खाली चार ओळी. मी ‘निकृष्ट बांधणीची’ हे शब्द खोडले. मुख्य उपसंपादकाने विचारलं, “हे का काढलं?”

“सिद्ध झालेलं नाही.”

त्याने मान हलवली. नियमाने ते बरोबर होतं. नानासाठी मी त्या दिवशी केलं ते एवढंच. रॅक कोणी केली, पाटी कोणी लिहिली, हे बातमीत नव्हतं. मावशीचं नाव होतं, वय अंदाजे होतं. फोटो नव्हता.

नानाला पोलिसांनी चौकीवर बोलावलं तेव्हा मीही गेलो. पण त्याआधी तो एकटा प्लान्टवर जाऊन आला होता. पडलेली रॅक कोपऱ्यात सरकवली होती, बाकीच्या सहा तशाच उभ्या होत्या. सगळ्यांत बूड बाहेर. त्याने तिथल्या एका बाईला विचारलं, “असं कोणी लावायला सांगितलं?”

“मावशीनी सांगं व्हतं,” ती म्हणाली. “बूड बाहेर.”

“पाटीवर बूच लिहिलं आहे.”

“बूच म्हंजे काय, माले ठाऊक बी नही. आम्ही ढक्कन म्हनतस.”

त्याने हे घरी येऊन मला सांगितलं, शब्दशः, आवाज न चढवता. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात. नाना त्या दिवशी हळू बोलत होता. वहिनी भाकऱ्या करत होती, तिचा हात थांबला. शब्द का बदलला, ते त्याने विचारलं नाही.

चौकीवरचा हवालदार मराठी होता, भुसावळकडचा. त्याने कागद पुढे ओढला. “रॅक कोणी बनवली?”

“मी.”

“उलटं ठेवलं तर पडते, हे माहीत होतं?”

“होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“पाटी लावली होती.”

“पाटी कोणी लिहिली?”

मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो, गेलेल्या कानाच्या. बोलायला तोंड उघडलं होतं, असं मला आठवतं. पण ते खरं आहे की नंतर मनाने घातलेलं, याची खात्री देता येत नाही.

“मीच,” नाना म्हणाला. “माझीच चूक. नीट लिहिली नाही.”

हवालदाराने ते लिहून घेतलं. खाली नानाने सही केली. ती करायला त्याला वेळ लागला, कारण तो पूर्ण नाव जोडून लिहायचा.

अपघाताची नोंद झाली. नानाला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि सोडलं. पुढे त्याला दोनदा बोलावलं, मग बोलावणं बंद झालं. पण वस्तीत आणि लूमवर गोष्ट वेगळ्या रूपात फिरली. मास्तरची रॅक बाईला खाऊन गेली, एवढंच लोकांना कळलं होतं आणि तेवढंच टिकलं. दुसऱ्या प्लान्टच्या शेठने मापांचा कागद परत पाठवला. तिसऱ्याने निरोपही दिला नाही. खिडकीची जाळी करून घ्यायलाही कुणी येईना. मावशीच्या नवऱ्याला भेटायला नाना दहाव्याला गेला. तो दारातच बसून होता, म्हणाला, “ये मास्तर,” आणि बसायला जागा करून दिली. मुलगी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. नाना तो हातात घेऊन बराच वेळ बसला आणि न पिता खाली ठेवला.

महिनाअखेरीला सुटणारी लूम सुटली नाही. जुन्या कारखान्याने त्याच्या जागी माणूस घेतला होता, म्हणून तो कडोदऱ्याच्या एका मोठ्या कारखान्यात लागला. तिथे माग जास्त आणि छप्पर खाली होतं. तीन वर्षांत उजवा कानही गेला. वहिनी पुढे त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलायला शिकली. मी कागदावर लिहून बोलायचो. त्याला माझं लिहिलेलं वाचताना पाहणं सोपं नव्हतं.

कडोदऱ्याला जाण्यापूर्वी मात्र त्याने एक काम केलं. वेल्डिंगचं मशीन विकायच्या आधी तो ते हातगाडीवर घालून प्लान्टवर घेऊन गेला. शेठ आडवा येत नव्हता. त्यालाही सहा रॅकचं काय करायचं ते कळत नव्हतं. बायका उभ्या असलेल्या रॅकच्या जवळ जायला तयार नव्हत्या आणि बाटले पुन्हा जमिनीवर आले होते. नानाने सगळ्या चौकटी सुट्या करून अंगणात मांडल्या आणि कड्या लावायला सुरुवात केली. मदतीला मी गेलो. तीन दिवस लागले. माझं काम सोपं होतं: बिजागरी जागेवर धरायची, वेल्डिंगचा डाग बसला की सोडायची.

पहिली चौकट झाली तेव्हा बूच म्हणजे काय ते ठाऊक नाही म्हणालेल्या त्याच बाईला त्याने हाक मारली आणि एक रिकामा बाटला तिच्या हातात दिला. “ठेव. कसाही ठेव.” तिने सवयीने बूड बाहेर ठेवला. कडी टाकली. ती बसेना. तिने दोनदा दाबून पाहिली, मग कुणी न सांगता बाटला काढला, फिरवला आणि पुन्हा ठेवला. कडी गळ्यावर पडली. खट असा आवाज आला.

“समजनं,” ती म्हणाली.

नाना भिंतीकडे गेला. खिळ्यावरची पाटी काढली, पत्रा दुमडला आणि त्याच्या पट्ट्या कापून बिजागऱ्यांखाली भरायला वापरल्या. लाल अक्षरांचे तुकडे चौकटींच्या आत गेले. आजही ते कुठेतरी असतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या चौकटी उरल्या होत्या. मी बिजागरी धरून त्याच्यासमोर बसलो होतो. ब्लोअर बंद होता, त्यामुळे त्याला ऐकू येत होतं. त्याने रॉड होल्डरमध्ये लावला आणि खाली बघतच विचारलं, “तू ढक्कन का काढलं?”

“मराठी शब्द नव्हता तो,” मी म्हणालो.

त्याने थोडा वेळ मान हलवली, मापाचा आकडा पाठ करताना हलवायचा तशी.

“हां,” तो म्हणाला.

मग काळा चष्मा डोळ्यांवर ओढला, रॉड पुढे आणला आणि नेहमी सांगायचा तसं सांगितलं, “तिकडे बघ. इकडे पाहू नको, डोळे जातील.”